‘दोनच डाइव्ह वापरलेला’ स्कूबा सेट घेण्याआधी हे वाचा

स्कूबाचं सामान दिवाणखान्यात बसून तपासता येत नाही, आणि या एका गोष्टीवर अंधेरीतल्या एका माणसाचा धंदा मजेत चालला आहे. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारं यंत्र) बाहेर हवेत श्वास देतो, बीसीडी (तरंगणं सांभाळायला हवा भरायचं जाकीट) फुगतं, खोली आणि वेळ दाखवणाऱ्या कॉम्प्युटरचा पडदा उजळतो. गिऱ्हाईक नवखं असेल तर त्याला एवढंच दिसतं. खोट कळते ती पाण्याखाली गेल्यावर.

थिअरी आणि पूलमधला सराव मुंबईत, समुद्रातले डाइव्ह मालवणला, असा माझा ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबाचा सुरुवातीचा कोर्स, ठरला होता. मालवण-तारकर्लीकडे पावसाळ्यात डाइव्हिंग बंद असतं, सीझन उघडतो ऑक्टोबरच्या सुमारास. मधल्या काळात मुंबईत बसून व्हिडिओ बघण्यापलीकडे काही करता येत नाही, म्हणून याच दिवसांत अनेकांना स्वतःच्या सामानाची हुक्की येते. विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. जाहिरात अगदी वेळेवर आली: फुल सेट, दोनच डाइव्ह वापरलेला, मालक परदेशी चाललाय, म्हणून नव्याच्या निम्म्या भावात. मास्क, फिन्स, वेटसूट, बीसीडी, रेग्युलेटर, डाइव्ह कॉम्प्युटर, वर बॅग फुकट. मागणी बहात्तर हजारांची.

धाकट्या भावाला घेऊन मी बघायला गेले. गृहस्थ आधी ‘मॅडम, मॅडम’ करत होते. आडनाव कळल्याबरोबर मी ‘ताई’ झाले आणि चहा आला. “ताई, तुम्ही आपल्यातल्या म्हणून सांगतो, गुजरातचा एक जण आत्ता पंच्याऐंशी द्यायला तयार आहे. पण वस्तू आपल्या माणसाकडे गेलेली बरी.” हे वाक्य लक्षात ठेवा. याच माणसाकडून फसलेल्या आणखी दोघांशी नंतर बोलणं झालं. त्यांनाही तो गुजरातचा एक जण भेटला होता, फक्त त्याचा आकडा दर वेळी वेगळा.

सामान दिसायला झकास होतं. रेग्युलेटरचा माउथपीस नवा कोरा, होजच्या, म्हणजे हवेच्या नळ्यांच्या, टोकांना निळी रबरी आवरणं, सगळ्यावर सिलिकॉन स्प्रेची चकाकी. घरात भरलेला सिलिंडर होता, त्याला रेग्युलेटर जोडून बटण दाबून फुस्स करून दाखवलं, मलाही दोन श्वास घ्यायला लावले. सर्व्हिसिंगचं विचारलं तर कार्ड पुढे केलं: शिक्का, सही, तारीख, सगळं जागच्या जागी. बिल मागितल्यावर म्हणाले, “अंदमानला घेतलं होतं, बिल कुठं शोधू आता? गॅरंटी माझी.” टोकनचे पाच हजार यूपीआयने पाठवले तर समोर नाव भलतंच आलं. “मिसेसचं अकाउंट आहे ताई.” उरलेल्यातले निम्मे यूपीआयने चालतील, निम्मे मात्र रोखच हवेत. कारण काय, तर व्हिसाचा खर्च. तसे दिले आणि सेट घेऊन आले.

आमच्या डाइव्ह इन्स्ट्रक्टर सरांचा नियम आहे की कोणाचंही स्वतःचं सामान आधी ते बघणार, मग पूलमध्ये उतरवणार. पूलच्या कडेला बाकावर त्यांनी सेट मांडला. सगळ्यात आधी त्यांनी ती निळी आवरणं होजवरून मागे सरकवली. खाली, धातूचा जोड जिथे संपतो तिथे रबराला गोल गोल बारीक भेगा होत्या. होजवर बनवल्याचं साल छापलेलं होतं: २०११. दोनच डाइव्ह!

मग त्यांनी फर्स्ट स्टेजच्या, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरला जोडायच्या भागाच्या, तोंडावर टोपी घट्ट बसवली आणि हवा न जोडता माउथपीसमधून श्वास ओढला. अशा वेळी काहीच यायला नको, जीभ ओढली गेल्यासारखं वाटायला हवं. इथे आरामात हवा येत होती. म्हणजे डायफ्राम (आतला रबरी पडदा) किंवा उच्छ्वासाचा व्हॉल्व्ह गेलेला, आणि बाहेर जिथून हवा येते तिथून पाण्याखाली पाणी येणार. पुढे सिलिंडर जोडून बीसीडीच्या होजला छोटं गेज लावलं. फर्स्ट स्टेज सिलिंडरमधला दोनशे बारचा दाब साधारण नऊ-दहा बारवर आणते आणि तिथे काटा स्थिर राहायला हवा. आमचा काटा दहावर टेकला, दम घेतला आणि सावकाश वर सरकत राहिला. आतली सीट (हवा अडवणारी गादी) झिजली की असं होतं, आणि कधीतरी सेकंड स्टेजमधून, म्हणजे तोंडात धरायच्या भागातून, हवा धो धो वाहायला लागते. शेवटी त्यांनी हवा जिथून आत शिरते तिथली जाळी बॅटरी मारून दाखवली. ती हिरवीगार होती. समुद्राचं पाणी आत गेलं आणि धातूवर बसून राहिलं की हा रंग येतो.

“घरी चाललं होतं सर,” मी म्हटलं. “घरी चालणारच. अठरा मीटरवर दाब पावणेतीन पट होतो, तेवढीच जास्त हवा एका श्वासाला द्यायला लागते. हॉलमध्ये याला काय कष्ट आहेत?”

बीसीडी फुगवून ठेवलं होतं, ते सराव संपेपर्यंत मऊ पडलं. हवा सोडायचा डंप व्हॉल्व्ह उघडून उलटं धरलं तर आतून मिठाचे खडे बाहेर पडले. हे एक वेळ सोसलं असतं, पण त्याचं इन्फ्लेटरचं, म्हणजे हवा भरायचं, बटण दाबलं की अडकत होतं. पाण्याखाली ते दाबलेलंच राहिलं तर बीसीडी फुगत जाणार आणि तुम्हाला वर फेकणार. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना फुप्फुसातली हवा दुप्पट होते. घाबरून श्वास रोखलेल्या नवख्याचं फुप्फुस फाटू शकतं, हे कोर्सच्या पहिल्याच धड्यात शिकवतात. बहात्तर हजारांपेक्षा माझा राग या बटणावर जास्त आहे.

खरी कुंडली निघाली ती कॉम्प्युटरमधून. त्या मॉडेलमध्ये जुन्या डाइव्हचा तपशील पुसता येतो, पण एकूण बेरीज राहते. सरांनी दोन बटणं दाबली आणि पडदा माझ्याकडे वळवला: डाइव्ह ६१२, सर्वात खोल ३८ मीटर. मग बीसीडीच्या खिशाचं अस्तर उलटं केलं. आत मार्करने लिहिलेलं ‘एल ७’ थिनरने पुसायचा प्रयत्न केला होता, तरी वाचता येत होतं. फिन्सच्या तळव्यालाही तसाच पुसट आकडा. भाड्याने द्यायच्या सामानावर डाइव्ह सेंटरवाले साइज आणि नंबर असे टाकतात. म्हणजे हा कुठल्याच परदेशी निघालेल्या मालकाचा सेट नव्हता. कुठल्यातरी सेंटरने वापरून वापरून भंगारात काढलेला माल, त्यात कुणा गाइडचा कॉम्प्युटर घातलेला, नवं माउथपीस, नवी आवरणं आणि स्प्रे मारून बाजारात आणलेला.

सर्व्हिस कार्डावर ज्या सेंटरचा शिक्का होता त्यांना फर्स्ट स्टेजवर कोरलेला सिरियल नंबर कळवला. त्यांच्या रजिस्टरमध्ये तो नंबर कधी आलेलाच नाही. कार्डावरचा मोबाइल नंबर त्यांचा नाही, आणि शिक्काही ते वापरतात तो नाही.

फोन केला तेव्हा पहिलं उत्तर: “ताई, समुद्रात वापरायची वस्तू, थोडंफार इकडे तिकडे व्हायचंच.” दुसऱ्या वेळी: “तुम्ही बघून, श्वास घेऊन नेलंय.” तिसऱ्या वेळी नंबर ब्लॉक.

म्हणून सांगते. सेकंडहँड स्कूटर घेताना आपण ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो, तसं इथे नेता येत नाही, कारण मुंबईत रेग्युलेटर उघडणारी माणसं मोजकीच. पण विकणाऱ्याला उलट बोलावता येतं. पैसे ठरवायच्या आधी म्हणायचं, रेग्युलेटर आपण कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसवाल्याकडे घेऊन जाऊ, तपासणीचे पैसे मी देते, पास झाला की तिथेच पूर्ण रक्कम. खरा मालक याला सहसा नाही म्हणत नाही. ते जमत नसेल तर निदान सिरियल नंबरचा फोटो आधी मागवा आणि सर्व्हिस सेंटरचा नंबर कार्डावरून न घेता स्वतः शोधून फोन करा. कार्ड छापायला किती लागतात? आणखी एक हिशेब: बहुतेक कंपन्या वर्षातून एकदा किंवा शंभर डाइव्हनंतर, काही दोन वर्षांनी, सर्व्हिसिंग सांगतात. पाच वर्षं कपाटात पडून राहिलेला, खरोखरच दोनदा वापरलेला रेग्युलेटरही सर्व्हिसिंगशिवाय पाण्यात न्यायचा नसतो. तेव्हा तो खर्च किमतीत धरूनच भाव करायचा.

नव्या मालातही गोम असते. माझ्या सेटमधला मास्क नावाजलेल्या कंपनीच्या खोक्यात होता, पण काचेवर ‘टेम्पर्ड’ची खूण नव्हती आणि कडा सिलिकॉनच्या नसून कडक पीव्हीसीच्या होत्या. असे मास्क दुकानांतही सर्रास मिळतात. बाहेरून आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-साल असायलाच हवं, कायदा आहे. दुकानदार म्हणाला ‘इम्पोर्टेड आहे, स्टिकर नसतो’, तर पायऱ्या उतरायच्या. जीएसटी बिलावरचा पंधरा अंकी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकान खरं आहे की नाही ते लगेच दिसतं. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो.

याच गृहस्थांनी जाता जाता मला आणखी एक वस्तू दाखवली होती: अर्ध्या लिटरचा चिमुकला सिलिंडर, सोबत हातपंप. “सिंहगडावर पाण्याची बाटली नेता तशी न्यायची समुद्रात. कोर्सबिर्स लागत नाही.” ती मी घेतली नाही, पण इंटरनेटवर ती धडाक्याने खपते, म्हणून गणित मांडते. दोनशे बारला भरला तर त्यात हवा मावते शंभर लिटर. नवखा माणूस मिनिटाला सहज वीस लिटर ओढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे चाळीस. अडीच मिनिटांत खेळ खलास, तेही हातपंपाने दोनशे बारपर्यंत भरण्याचा दम असेल तर. आणि कोर्स लागत नाही हे तर धादांत खोटं. सिलिंडर बोटाएवढा असो की बंब्याएवढा, त्यातली हवा पाण्याखाली घेतली की वर येताना ती फुगतेच.

राहिला प्रश्न काय घ्यायचं. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी फक्त मास्क, जोडीला वाटलं तर स्नॉर्कल. मालवण असो की अंदमान, कोर्सच्या फीमध्ये बाकीचं सामान बहुधा धरलेलंच असतं. फी भरताना एकदा विचारून घ्या. मास्क मात्र चेहऱ्यागणिक वेगळा बसतो. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने हलकेच श्वास ओढायचा आणि हात सोडायचे. तो चिकटून राहिला तर तुमचा. नाकाला कप्पा हवाच, नाहीतर खाली गेल्यावर आतला दाब सारखा करता येत नाही. पोहण्याचा गॉगल म्हणूनच इथे बाद. मिशीवाल्यांनी थोडं पाणी शिरेल हे गृहीत धरावं. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसवता येणारे मास्क मिळतात. वेटसूटची घाई नकोच. मला गळ्यात मारलेला सात मिलिमीटर जाडीचा होता. कोकणच्या कोमट समुद्रात तीन पुरतो, सातमध्ये तुम्ही किनाऱ्यावरच उकडता आणि बुडायला कमरेला जास्तीचं शिसं बांधावं लागतं. शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात रबराला बुरशी लागते ती वेगळीच.

आता तक्रारीचं. पैसे गेले आणि माल आलाच नाही, असा प्रकार असेल तर तासाभराचीही वाट न बघता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यातून निघाली नसेल तर अडवता येते. माझ्या बाबतीत माल हातात आला होता. पोलीस ठाण्यात आधी ‘हा दिवाणी मामला आहे’ असंच ऐकवलं गेलं. खोटा शिक्का मारलेलं कार्ड आणि सर्व्हिस सेंटरचं लेखी उत्तर टेबलावर ठेवल्यावर साहेबांनी अर्ज घेतला. जुनं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, अर्जात तेच लिहिलं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, तक्रार ऑनलाइन करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. सुरुवातीला १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारलं तर कागद कोणते लागतील ते सांगतात.

आयोगासमोर तो विकणारा काय बोलणार हे आत्ताच दिसतंय: मी व्यापारी नाही, घरातली एक जुनी वस्तू विकली. तीन वेगवेगळ्या नावांनी टाकलेल्या त्याच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट म्हणूनच मी जोडले आहेत, सगळ्यांच्या मागे तोच पट्ट्यापट्ट्यांचा पडदा. अंधेरीतून असा सेट तुम्ही घेतला असेल तर बीसीडीच्या खिशाचं अस्तर उलटं करून बघा. नंबर सापडला तर त्याचा फोटो, चॅट आणि यूपीआयची पावती सांभाळून ठेवा आणि तुमच्या नावाने वेगळी तक्रार करा. चॅट डिलीट करू नका, तो स्वतःहून मेसेज पुसतो.