लहान सभागृहाला कोणते नियम: विधिमंडळाचे की रॉबर्टचे?

वीस-पंचवीस जणांची प्रतिनिधी सभा असो, कार्यकारिणी असो की कॉलेजातली विद्यार्थी संसद, कामकाजाचे नियम ठरवायला बसलं की दोन वाटा समोर येतात. एक, आपल्या विधिमंडळाचे नियम छाटून घेणं. दुसरी, रॉबर्टचे नियम, म्हणजे सभा कशी चालवावी यावरचं रॉबर्ट नावाच्या अमेरिकन माणसाचं पुस्तक. बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या एकवीस जणांच्या प्रतिनिधी सभेसाठी ही निवड करणाऱ्या समितीत मी होतो. दोन्ही पद्धतींच्या बैठका मी चिटणीस म्हणून पाहिल्या आहेत, म्हणजे इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे. सभा कशी चालली हे अध्यक्षांपेक्षा इतिवृत्त लिहिणाऱ्याला जास्त कळतं असं माझं मत आहे. अध्यक्षांनी राग मानू नये.

पुढे अनुमोदन (ठरावाला दुसऱ्या सभासदाचा पाठिंबा), गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी), हरकत (नियम मोडल्याची तक्रार) हे शब्द येतील.

विधिमंडळाच्या पद्धतीचं पहिलं सुख म्हणजे भाषा. महाराष्ट्र विधानसभेचे नियम मराठीत आयते मिळतात. लक्षवेधी, स्थगन प्रस्ताव, औचित्याचा मुद्दा हे शब्द बातम्यांतून कानावर पडलेले असतात, त्यामुळे नव्या सभासदाला फार शिकवावं लागत नाही. रॉबर्टचं पुस्तक इंग्रजीत, त्यात २०२० साली आलेली बारावी आवृत्ती सातशे पानांच्या वर. ते कोणी अथपासून इतिपर्यंत वाचेल ही आशा सोडा. आम्ही लागतील तेवढी कलमं काढून चार-पाच मराठी पानं केली, तीही निम्म्यांनीच वाचली.

शिवाय बडोदेकराला एक भावनिक ओढ असतेच. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचा जन्म बडोद्याचा, १८८८ सालचा. संविधान सभेच्या काळापासून चालत आलेले नियम संविधानाच्या अनुच्छेद ११८ खालच्या अधिकारात जुळवून १९५२ मध्ये लागू केले ते त्यांनीच. आमच्या समितीत हा मुद्दा निघणार होता आणि निघालाच: आपल्या गावात जन्मलेल्या माणसाने बसवलेली घडी सोडून एका अमेरिकन लष्करी इंजिनिअरचं पुस्तक का घ्यायचं? मला यावर चोख उत्तर सुचलं नाही, आजही नाही. एवढंच म्हणेन की रॉबर्टही परका वाटत नाही. १८६३ मध्ये चर्चच्या एका सभेचं अध्यक्षपद त्याच्या गळ्यात पडलं, सभा पार हाताबाहेर गेली, आणि त्या फजितीपायी तो नियम शोधायला लागला. १८७६ मध्ये पुस्तक निघालं. आपल्या मंडळांमध्ये असे रॉबर्ट पुष्कळ होऊन गेले असतील, फक्त त्यांनी पुस्तक लिहिलं नाही.

आता मुद्द्याचं. विधिमंडळाचे नियम दोन गोष्टी गृहीत धरतात: सभागृह मोठं आहे आणि अध्यक्ष तटस्थ आहेत. म्हणून तर अनुच्छेद १०० आणि १८९ प्रमाणे अध्यक्ष पहिल्या फेरीत मत देत नाहीत, समसमान झाली तरच निर्णायक मत देतात. सूचना दाखल करून घ्यायची की नाही हे तेच ठरवतात, आणि नियमांत जे लिहिलेलं नाही त्याचा अधिकार लोकसभेच्या नियम ३८९ ने त्यांच्याच हाती दिलाय. एकवीस जणांच्या मंडळात असा तटस्थ माणूस आणायचा कुठून? आमचे अध्यक्ष हॉलच्या दुरुस्तीचं एस्टिमेट स्वतः आणतात, कंत्राटदाराशी स्वतः बोलतात, आणि बैठकीत त्याच विषयावर त्यांनी गप्प बसायचं? ते गप्प बसत नाहीत, बसूही नये. मग नियम कागदावर राहतो. बापाचा कोट कापून मुलाला शिवला तरी खांदे उतरलेलेच दिसतात, तसं काहीसं.

रॉबर्टने ही अडचण ओळखून लहान मंडळांना वेगळी सवलत दिली आहे. हजर सभासद साधारण डझनभर किंवा त्याहून कमी असतील तर ठरावाला अनुमोदन लागत नाही, बोलायला उभं राहावं लागत नाही, किती वेळा बोलायचं याला मर्यादा नाही, आणि अध्यक्ष बोलू शकतात, ठराव मांडू शकतात, मतही देऊ शकतात. समसमान मतं पडली की ठराव पडला. अध्यक्षांना दुसरं मत नाही, त्यामुळे त्यावरून होणारी तणतणही नाही.

एवढ्यावर मी रॉबर्टकडे झुकलो नसतो. मला छळलं ते 'आयत्या वेळचे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने' या कार्यक्रमपत्रिकेवरच्या शेवटच्या ओळीने.

आमच्याकडे भरल्या सभागृहात ठराव झाला होता की नवरात्रीचे दिवस हॉल बाहेर भाड्याने द्यायचा नाही, भोंडला आणि मंडळाच्या कार्यक्रमांसाठी ठेवायचा. बडोद्यात त्या सुमारास चणिया-चोळीच्या सेलसाठी हॉलला काय भाव येतो हे इथल्यांना सांगायला नको. पुढे भर पावसाळ्यातली एक बैठक. विश्वामित्री फुगलेली, नदीपलीकडचे सभासद घराबाहेरच पडले नव्हते. अध्यक्षांसकट हजर आठ. मंडळाच्या घटनेप्रमाणे गणपूर्ती एक तृतीयांश, म्हणजे ती भरलेली. चहा आला, विषय संपले, वह्या मिटायला लागल्या आणि शेवटच्या ओळीखाली एकाने हॉलचा विषय काढला. अध्यक्षांनी परवानगी दिली. चार विरुद्ध तीन. भरल्या घराने केलेला ठराव पाच मिनिटांत रद्द. कुणीतरी हळूच म्हणालं, 'एमां शुं, पैसा तो मंडळमांज आवशे ने!'

मी इतिवृत्त लिहिता लिहिता आमची नियमावली चाळत होतो. हरकत घ्यायला जागाच सापडेना. नोटिशीची मुदत शिथिल करण्याचा अधिकार विधिमंडळाच्या धर्तीवर अध्यक्षांकडे. एकदा निर्णय झालेला विषय पुन्हा आणता येत नाही हे खरं, लोकसभेच्या नियम ३३८ मध्ये तसं आहे, पण ते त्याच अधिवेशनापुरतं. आमची प्रत्येक बैठक म्हणजे नवं अधिवेशन. नियम मोडला असता तर भांडता तरी आलं असतं. इथे सगळं नियमात बसलं होतं, हेच जास्त लागलं.

रॉबर्टकडे याला सरळ उपाय आहे. आधी मंजूर झालेला ठराव रद्द करायचा किंवा बदलायचा असेल तर पूर्वसूचना द्या, मग साधं बहुमत पुरे. पूर्वसूचना नसेल तर पडलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश, नाहीतर एकूण सभासदांचं बहुमत लागतं. त्या दिवशी सातांपैकी चार मतं म्हणजे दोन तृतीयांश नाहीत. अध्यक्षांनी त्याच बाजूने मत टाकलं असतं तरी आठांपैकी पाच, तेही कमीच. एकवीसांचं बहुमत तर अकरा. शिवाय यात कुणाच्या परवानगीचा प्रश्न येत नाही.

विधिमंडळाची बाजू घेणारे म्हणतील की हे एक कलम आपल्या नियमावलीत घातलं असतं तरी भागलं असतं. म्हणणं चुकीचं नाही. पण मग गणपूर्तीही बदलावी लागते, कारण संसदेचा एक दशांशाचा हिशेब एकवीस जणांना लावला तर तिघांत सभा भरते. राज्यांसाठी संविधानानेच 'दहा किंवा एक दशांश, यात जे जास्त असेल ते' असं म्हटलंय, म्हणून चाळीस जणांच्या गोवा विधानसभेला दहा लागतात. मग अध्यक्षांचं मत बदला, मग चर्चाबंदी बदला. विधिमंडळात चर्चा थांबवायला साधं बहुमत चालतं, रॉबर्ट दोन तृतीयांश मागतो, आणि लहान मंडळात तर तिची गरज क्वचितच पडेल म्हणतो. इतकं बदलल्यावर मूळचं राहतं काय?

तरी एक गोष्ट आम्ही विधिमंडळाकडून घेतली: प्रश्नोत्तरं. खजिनदारांना लेखी प्रश्न, बैठकीत उत्तर, उत्तरावर उपप्रश्न. रॉबर्टमध्ये माहिती विचारायची सोय आहे, पण हिशेबाच्या दिवशी तेवढ्याने भागत नाही.

विद्यार्थी संसद भरवायची असेल तर मात्र विधिमंडळाचेच नियम घ्या. मुलांना खरं सभागृह कसं चालतं ते कळायला हवं. पन्नास-साठ जणांची सभा असेल आणि अध्यक्ष खरोखर कुणाच्या बाजूचे नसतील तर तिथेही माझा आग्रह नाही. आणि कुठलीही पद्धत घेतली तरी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली घटना तिच्या वर राहते. घटनेत अध्यक्षांना निर्णायक मत दिलेलं असेल तर रॉबर्ट काही म्हणो, ते राहणारच.

पूर्वसूचना म्हणजे काय हे तेवढं आपल्या कागदावर स्पष्ट लिहा. आम्ही मागच्या बैठकीत तोंडी किंवा बैठकीच्या पत्रात लेखी, असं ठेवलं. व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेला मजकूर धरायचा की नाही हे लिहायचं राहिलं, आणि पुढची अख्खी बैठक त्यातच गेली.