आठ महिन्यांनंतर मेकॅनिकल कीबोर्ड : टायपिंगला उत्तम, पण सुरू होताना अडतो

तारेचा, १०४ बटणांचा, रंगीत दिव्यांचा हा कीबोर्ड जळगावातल्या जिनिंगच्या ऑफिसात आठ महिने रोज चालतोय. बटणं अजून एकसारखी उठतात. हंगामात रुईचे तंतू बटणांखाली जाऊन बसतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी टोप्या काढून ब्रश फिरवावा लागतो. टायपिंगबद्दल एवढंच.

खरी अडचण कॉम्प्युटर सुरू होताना. लोगो दिसत असताना डिलीट किंवा एफ२ कितीही दाबा, बायोस (विंडोजच्या आधी चालणारा, मशीनच्या मूळ सेटिंगांचा प्रोग्राम) उघडत नाही. विंडोज आलं की हाच कीबोर्ड सुरळीत चालतो. दुकानात परत न्यायच्या आधी लोगोवरच नम लॉक दाबून बघा. त्याचा दिवा बदलला तर बायोसने कीबोर्ड घेतलाय, फक्त तुमची वेळ चुकतेय. बदलला नाही तर घेतलेलाच नाही. बटणांखालचे रंगीत दिवे लागले यावर जाऊ नका. पोर्टमधून ५ व्होल्ट आले, एवढंच त्यातून कळतं.

बायोस कीबोर्डशी साध्या बूट प्रोटोकॉलने बोलतो: एका वेळी फार तर सहा बटणं, शिवाय शिफ्ट-कंट्रोल वगैरे. गेमिंग कीबोर्ड ‘एन-की रोलओव्हर’मध्ये, म्हणजे एकाच वेळी दाबलेली कितीही बटणं कळवणाऱ्या मोडमध्ये असला की काही मदरबोर्डांना त्याचं बोलणं उमगत नाही. या मॉडेलमध्ये एफएन आणि एन एकत्र दाबलं की तो मोड बंद होतो. इथे निम्मं काम त्यानेच झालं.

उरलेलं पोर्टने. समोरचं पोर्ट किंवा हब सोडून मागचं, मदरबोर्डवरचं यूएसबी २.० पोर्ट वापरा. मग विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्जमधून बायोसमध्ये शिरा. तिथे फास्ट बूट बंद आणि लेगसी यूएसबी सपोर्ट (विंडोजच्या आधीही यूएसबी कीबोर्ड चालू देणारी सेटिंग) चालू करा. फास्ट बूट वेळ वाचवण्यासाठी यूएसबीची तपासणीच टाळतो. आत गेल्यावरही कीबोर्ड मुका असेल तर माऊस चालतो का बघा, नाहीतर पीएस/२ चा, म्हणजे गोल पिनचा जुना कीबोर्ड लावा. मात्र तो मशीन बंद असतानाच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर बायोसमधल्या बदलानंतर ते की मागू शकतं, म्हणून रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

आपल्याकडे आणखी एक भानगड होते. लाइटच्या लपंडावामुळे रात्री मेन बोर्डच बंद करून जायची सवय आहे. मग मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल उतरला असेल तर सकाळी तारीख जुनी दिसते आणि केलेली सेटिंगं पुसली जाऊन फास्ट बूट पुन्हा चालू होऊ शकतो. ‘काल नीट होतं, आज नाही’ असं वारंवार व्हायला लागलं की आधी घड्याळ बघा. सेल ३ व्होल्टचा असतो. प्लग काढून नवा बसवा, तारीख लावा, सेटिंग पुन्हा करा.

लाइट आल्यावर आपोआप सुरू होणारं मशीन ‘कीबोर्ड नाही, एफ१ दाबा’ म्हणत अडून बसत असेल, तर बायोसमधलं ‘वेट फॉर एफ१’ बंद करा.

बिनतारी घ्यायचा असेल तर यूएसबी डोंगलचा (पोर्टमध्ये खोचायच्या छोट्या रिसीव्हरचा) घ्या. बायोसला तो साधा यूएसबी कीबोर्डच दिसतो. ब्लूटूथचा बहुतेक मशीनवर विंडोज आल्याशिवाय जोडला जात नाही. डोंगल यूएसबी ३.० पोर्टाला खेटून लावू नका, त्या पोर्टाचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलला खातो. लहानशा एक्स्टेंशन केबलने तो पुढे आणा.