नऊ पिनांच्या जुन्या व्हिडिओ गेमसाठी कंट्रोलर निवडताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडले गेलेले कॅसेटचे व्हिडिओ गेम बहुतांशी निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला होत्या. त्यांतली अनेक यंत्रे आजही चालतात. साथ सोडतो तो कंट्रोलर. कधी उजवीकडे जाण्यासाठी अंगठ्याचे सारे बळ लावावे लागते, कधी उडीचे बटण तीनदा दाबल्यावर एकदा लागते. माझ्या यंत्राची अवस्था हीच होती. त्यामुळे गेल्या पावसाळ्यापासून मी त्यावर तीन पर्याय आलटून-पालटून वापरले: बाजारात मिळणारा बिननावाचा नवा कंट्रोलर, रबर बदललेला जुना कंट्रोलर, आणि प्लग बदलून जोडलेला एनईएसचा, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकी आवृत्तीचा, मूळ कंट्रोलर.

पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोध घेतला तर या यंत्रांना लागणाऱ्या नऊ पिनांच्या प्लगचे नवे कंट्रोलर अजून मिळतात आणि त्यांची किंमत अगदी किरकोळ असते. ते लावल्याबरोबर चालू होतात, बटणे कडक आणि ताजी वाटतात, आणि पहिले काही दिवस खरेदी साधली असे समाधान मिळते. खरा दोष डी-पॅडमध्ये, म्हणजे दिशा देणाऱ्या बटणात असतो आणि तो हळूहळू उघड होतो. डी-पॅडच्या अधिक-आकाराच्या बटणाखाली मध्यभागी एक उंचवटा असावा लागतो. त्यावर ते बटण तराजूच्या दांडीसारखे झुकते, म्हणून डावीकडे दाबले की उजवी बाजू आपोआप वर उचलली जाते. स्वस्त कंट्रोलरमध्ये हा उंचवटा एक तर नसतो किंवा इतका तोकडा असतो की सगळे बटण सपाट खाली बसते आणि उजवीकडे दाबताना नकळत ‘खाली’ही लागते. सुपर मारिओमध्ये मारिओचे धावणे मग मध्येच अडते. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या खेळात हीच चूक जिवावर बेतते. तिथे ‘खाली’ दाबलेले असताना उडीचे बटण दाबले की गडी उडी न मारता पायाखालच्या कड्यावरून खाली उतरतो, आणि धबधब्याच्या टप्प्यात खालचा कडा पडद्याबाहेर गेलेला असला की त्याचा जीव जातो.

कॉन्ट्राचाच आणखी एक उपयोग इथे नोंदवतो. तीस जीव मिळवण्यासाठी सुरुवातीच्या पडद्यावर दाबायचा क्रम, म्हणजे वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए, हा डी-पॅडची उत्तम परीक्षा घेतो, कारण त्यात एखादी दिशा जास्तीची लागली तरी क्रम मोडतो आणि खेळ नेहमीच्या तीन जीवांवरच सुरू होतो. नव्या कंट्रोलरवर हा क्रम माझ्याकडून क्वचितच एका दमात पूर्ण झाला; मूळ एनईएस कंट्रोलरवर तो बोलता-बोलता होतो.

नव्या कंट्रोलरवरच्या टर्बो बटणांचे दुकानदार फार कौतुक करतात. ही बटणे दाबून ठेवली की आतले सर्किट ए किंवा बी स्वतःच झपाट्याने चालू-बंद करत राहते. गोळ्या झाडण्याच्या खेळांत त्यांचा थोडाफार उपयोग होतो, मारिओमध्ये मात्र त्यांचा उलट त्रासच होतो. तिथे उडीची उंची बटण किती वेळ दाबून ठेवले यावर ठरते, त्यामुळे टर्बोने मारिओ जागच्या जागी बुटक्या उड्या मारत राहतो. शिवाय ही बटणे नेहमीच्या ए-बीला इतकी खेटून असतात की अंगठा घसरून त्यांवर जातोच. टर्बो नसलेला नऊ पिनी कंट्रोलर मिळाला, तर माझ्या मते तोच घ्यावा.

दुसरा पर्याय सर्वांत कमी खर्चाचा आहे. बटणाखालच्या रबराच्या टोकाला कार्बनची छोटी गोळी असते आणि ती सर्किट बोर्डावरच्या दोन पट्ट्या जोडते. वर्षानुवर्षांच्या घामाने आणि धुळीने हा जोड कमजोर होतो. स्क्रू काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने रबर आणि बोर्ड हलक्या हाताने पुसले, तर निम्मे कंट्रोलर तेवढ्यावरच पूर्ववत होतात. जोराने घासल्यास मात्र बोर्डावरचा कार्बनचा थर निघून येतो. रबर फाटलेच असेल, तर एनईएससाठी मिळणारे सिलिकॉनचे संच मागवण्यापूर्वी आपला कंट्रोलर उघडून मापे घ्यावीत. त्या संचात उजव्या बाजूला दोनच बटणांचे रबर असते, तर टर्बोवाल्या नकलेला चारांचे लागते. मी डी-पॅडचा तुकडा कडेने कापून बसवला. तो चालतो, पण एका कोपऱ्यात अजून थोडा ताठ लागतो.

तिसरा पर्याय मी सर्वाधिक वापरला आणि आजही तोच जोडलेला आहे. एनईएसच्या कंट्रोलरमध्ये ४०२१ नावाची एक साधी शिफ्ट रजिस्टर आयसी असते. यंत्र इशारा देते, आयसी आठही बटणांची स्थिती टिपून ठेवते आणि मग ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट व चार दिशा या क्रमाने ती एकामागून एक पाठवते. नकली यंत्रांनीही हीच पद्धत जशीच्या तशी उचललेली असल्यामुळे मूळ कंट्रोलर त्यांच्यावर बिनतक्रार चालतो. प्रश्न फक्त प्लगचा उरतो. एनईएसचा प्लग सात पिनांचा असला, तरी कंट्रोलरला पाचच तारा लागतात: पाच व्होल्ट, अर्थ, लॅच (स्थिती टिपण्याचा इशारा), क्लॉक (पुढची स्थिती पाठवण्याचा इशारा) आणि डेटा. यंत्राच्या जुन्या कंट्रोलरची वायर प्लगसकट कापून ती एनईएस कंट्रोलरच्या बोर्डाला सोल्डर केली की काम संपते. तारांच्या रंगांवर मात्र मुळीच विसंबू नये, कारण प्रत्येक उत्पादकाचे रंग निराळे असतात. कोणती तार कोणत्या पिनेशी जाते हे मल्टीमीटरने तपासूनच डाग द्यावा. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या गेमयंत्राच्या कंट्रोलरचा प्लगही नऊ पिनांचा असतो आणि या यंत्रात तो नीट बसतोही, पण त्याच्या पिनांची मांडणी आणि बटणे वाचण्याची रीत दोन्ही वेगळी आहेत. तो इथे लावू नये.

या कंट्रोलरचा डी-पॅड इतक्या वर्षांनंतरही अचूक आहे आणि ए-बी बटणांमधले अंतर असे आहे की बी दाबून धावताना त्याच अंगठ्याचा मागचा भाग किंचित कलवून ए दाबता येते. तक्रार आहे ती आकाराविषयी. १९८५ सालच्या त्या चौकोनी ठोकळ्याचे कोपरे तासाभराच्या खेळानंतर तळहाताला टोचू लागतात. १९९३ साली आलेला गोलसर आकाराचा कंट्रोलर हातात कितीतरी सुखद आहे, परंतु त्याच्या जुन्या अस्सल नगाची किंमत ऐकून मी तो विचार सोडून दिला.

मोठ्या टीव्हीपासून दूर बसायचे झाल्यास नऊ पिनांचे हे यंत्र थोडे सोयीचे ठरते, कारण संगणकाच्या सिरीयल पोर्टची सरळ जोडणीची एक्स्टेंशन केबल त्याला चालते. तिच्या नऊही तारा आतून जोडलेल्या आहेत का, आणि प्लगच्या बाजूचे स्क्रू यंत्राच्या खाचेत अडत नाहीत ना, एवढे पाहून घ्यावे. माझ्या केबलचे स्क्रू मला काढून टाकावे लागले. वायरलेस रिसीव्हरही मिळतात, पण एनईएससाठीचे रिसीव्हर सात पिनांचे असल्याने त्यांना पुन्हा वेगळा जोड लागतो, आणि बटण दाबल्यावर हालचाल उशिरा दिसण्याचे कारण पुष्कळदा कंट्रोलर नसून एलसीडी टीव्हीची चित्रप्रक्रिया असते. टीव्हीचा गेम मोड सुरू केल्यावर माझ्याकडचा उशीर बराच कमी झाला.