छोटं इंग्लिश निसर्गचित्र घ्यायचंय: कॉलियर की बर्किट फॉस्टर?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, साधारण सात बाय दहा इंचांचं इंग्लिश जलरंग निसर्गचित्र घ्यायचं असेल, तर थॉमस कॉलियर (१८४०–१८९१) आणि माइल्स बर्किट फॉस्टर (१८२५–१८९९) ही दोन नावं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. टर्नर-कॉन्स्टेबलच्या मानाने दोघेही आपल्याकडे अपरिचित. एकाच भिंतीला दोघेही शोभतील, पण घेताना तपासायचं ते अगदी वेगळं. कॉलियरमध्ये पैसा बुडतो तो उन्हाने, फॉस्टरमध्ये नकलेने.

कॉलियर डर्बीशरमधल्या ग्लॉसपचा. १८६४ ते १८६९ तो वेल्समधल्या बेटस-अ-कोइडला राहिला. आधीच्या पिढीतला जलरंग चित्रकार डेव्हिड कॉक्स उतारवयात वर्षानुवर्षं तिथेच चित्रं काढायला जायचा, आणि कॉलियरचा हात थेट त्याच्या वळणाचा. उघडं माळरान, क्षितिज खाली, वर ढगांनी भरलेलं आभाळ. वॉश, म्हणजे पातळ रंगाचे सपाट थर, भरपूर पाण्याचे, एकदा टाकले की पुन्हा न ढवळलेले. पांढरं हवं तिथे बहुधा कोरा कागद सोडलेला. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रान्सने त्याला लीजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला, तरी त्याचं नाव आजही मागेच आहे. जे. जे.च्या वळणाचे पारदर्शक जलरंग पाहत आलेल्या मराठी डोळ्याला तो ओळखीचा वाटेल.

मात्र पातळ वॉशमध्ये रंगाचे कण मुळातच थोडे, त्यामुळे उजेडाचा मार तिथे आधी दिसतो. जलरंगांवर उजेडाचा परिणाम तपासणारा रसेल आणि अ‍ॅबनी यांचा अहवाल १८८८ मध्ये निघाला. नीळ आणि किरमिजी लेक (रंगद्रवापासून केलेला लाल) त्यात कच्चे ठरले, कोबाल्ट निळा टिकला. ढगांचा करडा रंग नीळ आणि तांबडी माती मिसळून केला असेल, तर नीळ उडते, माती राहते आणि पावसाळी आभाळ विटकरी दिसू लागतं. हिरव्यात गँबोज हा पिवळा असेल तर तो जातो आणि लांबची झाडं निळसर होतात. दुकानदार याला ‘संध्याकाळचा प्रकाश’ म्हणून विकू शकतो. म्हणून चित्र फ्रेममधून बाहेर काढून दाखवायला सांगा आणि माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) झाकलेली कडेची चार-पाच मिलिमीटरची पट्टी बघा. झाकलेल्या आणि उघड्या भागात ठळक फरक असेल तर चित्र सोडून द्या. उडालेला रंग कोणताही संवर्धक परत आणू शकत नाही. पट्टी कापून टाकलेली असेल तर तोही संशयाचाच मुद्दा. नावाचा घोळही ध्यानात ठेवा: थॉमस फ्रेडरिक कॉलियर हा फळं-फुलं रंगवणारा वेगळा चित्रकार, आणि जॉन कॉलियर हा व्यक्तिचित्रकार तर त्याहून वेगळा.

फॉस्टरची घडण लाकडी ठशांवर कोरीव काम करण्यात झाली, आणि ती सवय त्याच्या कुंचल्यात कायम राहिली. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातली गल्लीबोळं, गवताच्या छपरांची घरं, कुंपणापाशी मुलं. सगळं बारीक, जवळजवळ कोरड्या टोकाने ठिपके-रेघा मारून भरलेलं, रंगात चायनीज व्हाइट मिसळलेला. हा जस्ताचा पांढरा विन्सर अँड न्यूटनने १८३४ मध्ये बाजारात आणला. शिशाच्या पांढऱ्यासारखा तो काळा पडत नाही. फॉस्टरची चित्रं एकेकाळी इतकी खपली की नकलाही तितक्याच झाल्या. कोपऱ्यातली बी आणि एफ ही गुंफलेली अक्षरं काढणं कुणालाही जमतं, तेव्हा सहीला पुरावा मानू नका.

शिवाय त्याच्या चित्रांच्या रंगीत छापील प्रतीही पुष्कळ निघाल्या. ‘भिंगात ठिपके दिसले की छापील’ हा नेहमीचा नियम इथे फसवतो, कारण तो स्वतःच ठिपक्यांनी रंगवायचा. दहापट भिंगातून ठिपक्यांची दिशा बघा. हाताचे ठिपके गालाच्या गोलाईबरोबर, पानाच्या कडेबरोबर वळतात आणि लहानमोठे असतात. छपाईतले सपाट असतात आणि वस्तूच्या कडेची पर्वा करत नाहीत. मग टॉर्च कागदाच्या पातळीत आडवा धरा. खऱ्या कामात पांढऱ्याचे उंचवटे सावली पाडतात.

दोघांसाठीही ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च जवळ असावा. अंधाऱ्या खोलीत जस्ताचा पांढरा पिवळसर-हिरवट चमकतो, टायटॅनियमचा पांढरा गडद दिसतो. टायटॅनियमचा पांढरा १९२० च्या आसपासचा, म्हणजे तो दिसला तर निदान तेवढा भाग तरी फॉस्टरचा नाही. कागद निळसर-पांढरा झगझगला तर त्यात दुसऱ्या महायुद्धानंतरची उजळवणारी रसायनं आहेत, आणि विषय तिथेच संपतो. व्हॉटमन या इंग्लिश कागदाचं जलचिन्ह असलेला कागद ही चांगली खूण, पण जुने कोरे कागद नकलाकारालाही मिळतात.

दमटपणाचे तपकिरी डाग कॉलियरच्या मोकळ्या आभाळात फार खुपतात. फॉस्टरच्या झुडपांत ते लपतात. धुऊन काढणं दोघांतही जोखमीचं: कॉलियरचा वॉश हलतो, फॉस्टरचा थर सुटतो. पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलेलं चित्र सोडवायचा खर्च कधी कधी चित्राच्या किमतीला भिडतो, म्हणून तो आधीच भाव करताना धरा.

निवड करायचीच तर आमचं मत कॉलियरकडे झुकतं. आभाळ शाबूत असलेलं त्याचं दुय्यम चित्रही संशयास्पद फॉस्टरपेक्षा बरं, कारण रंग उडालाय की नाही हे तुम्ही स्वतः पाहू शकता, अस्सलपणा ठरवायला मात्र तज्ज्ञ लागतो. फॉस्टर घ्यायचा तो मालकीचा जुना माग कागदोपत्री असेल तरच. घरातल्या मंडळींना माणसं आणि घरं असलेलं चित्र हवं असेल, तर तेवढी खटपट करायला हरकत नाही.

लिलावाच्या यादीतले शब्द नीट वाचा. पूर्ण नाव म्हणजे ते त्याचंच, असं लिलावघराचं मत. ‘अ‍ॅट्रिब्युटेड टू’ म्हणजे बहुधा त्याचं. ‘मॅनर ऑफ’ म्हणजे फक्त ढंग त्याचा. ‘बेअर्स मोनोग्राम’ म्हणजे अक्षरं आहेत, पण ती त्याची असल्याची हमी नाही. बोलीवर साधारण २५ टक्क्यांच्या आसपास कमिशन, त्यावर कर, मग पाठवणी आणि सीमाशुल्क धरा. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत लागू असलेला पुनर्विक्रीचा हक्क (पुढच्या विक्रीतला वाटा चित्रकाराला किंवा वारसांना देणारा) या दोघांना लागत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी चित्रं येतात, त्यामुळे इथे आणलेलं चित्र पुढे परदेशात विकायचा विचार असेल तर आणण्याआधीच वकिलाला विचारा.

मुंबई-कोकणात लावताना पावसाचा मार खाणारी बाहेरची भिंत टाळा. आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे पाच मिलिमीटरचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळते. माउंट आम्लरहित घ्या. काच अतिनील किरणं अडवणारी असली तरी दिसणारा उजेडही रंग उडवतोच, तेव्हा ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर जाऊ नका. कॉलियरला तर वर्षातले काही महिने कपाटात सपाट ठेवा.