मिग-२१ चं पहिलं मॉडेल: १/७२ घेऊ की १/४८?

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ रिटायर झालं आणि तेव्हापासून ओळखीतल्या तीनचार जणांनी तरी विचारलं, मिगचं मॉडेल बनवायचंय, कुठलं घेऊ. त्यात एक सख्खा भाचा. आणि गंमत म्हणजे विचारायच्या आधीच सगळ्यांचं ठरलेलं असतं, "पहिलंच आहे ना मामा, मग छोटं घेतो, १/७२". (१/७२ म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं, १/४८ म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या, म्हणजे त्याहून मोठं.) थांब रे बाबा जरा. छोटं म्हणजे सोपं असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो, मी फसलोय म्हणून सांगतोय.

आधी साइज डोळ्यासमोर आणा. खऱ्या मिग-२१ चे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये जेमतेम १० सेंमी आणि १/४८ मध्ये १५. लांबी, नाकापुढची ती पिटोची काठी (वेग मोजायची नळी) धरून, साधारण २२ सेंमी आणि ३३ सेंमी. ऐकायला फरक फार वाटत नाही पण रंगवायचा पृष्ठभाग थेट सव्वादोन पट होतो, आणि पायलट एकात अडीच सेंमीच्या आतला तर दुसऱ्यात साडेतीनच्या थोडा वर.

आता जोडणी. एडुआर्ड या चेक कंपनीने मिग-२१ चा एमएफ हा प्रकार १/४८ मध्ये २०११ ला काढलं आणि २०१८ मध्ये १/७२ वालं. दोन्ही किट मस्त आहेत, वाद नाही, पण ७२ वालं म्हणजे सोपी आवृत्ती नव्हे, तोच सगळा बारकावा आकसून बसवलाय. कॉकपिटच्या आतले भाग, चाकांच्या खोबणीतले भाग, फोटोएचचे पत्रे (रसायनाने कोरलेले धातूचे बारीक भाग), सगळं आहे, फक्त तांदळाच्या कणीएवढं. ४८ मध्ये तीच वस्तू चिमट्यात नीट धरता येते, स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, कापल्यावर राहिलेलं टोक घासता येतं, उलटसुलट बसवून बघता येतं. माझ्या पहिल्या ७२ च्या मिगचा कंट्रोल स्टिक मी कापला, टक् आवाज आला आणि तो जो उडाला तो आजतागायत सापडलेला नाही, सतरंजी झटकली, टॉर्च घेऊन पोटावर झोपून शोधला, शेवटी गरम करून ताणलेल्या स्प्रूचा केसाएवढा तुकडा चिकटवला. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, बंद असल्याने कुणाला कळत नाही ती गोष्ट वेगळी.

दुसरं, चुका. ०.१ मिमी ची फट ७२ मध्ये खऱ्या विमानावर ७ मिमी ची होते, ४८ मध्ये ५ मिमी ची. मिग-२१ म्हणजे मुळात एक लांब नळी, त्यामुळे दोन अर्ध्या भागांमधली सीम, म्हणजे जोडाची रेघ, पाठीवरून आणि पोटावरून सरळ धावते, ती भरायची आणि घासायची, आणि घासताना आजूबाजूच्या पॅनेल लाइन (पत्र्यांच्या जोडाच्या रेषा) पुसल्या जातात त्या परत कोरायच्या. हे काम ४८ मध्ये हाताला जागा मिळते म्हणून नीट होतं. वजनाचंही लक्षात ठेवा, जेट मॉडेलं शेपटीवर बसायला टपलेली असतात, सूचनापत्रात नाकात वजन टाका म्हटलं असेल तर निमूटपणे टाका. हे पुढचा कोन चिकटवायच्या आधी आठवलं तर ठीक, नंतर आठवलं तर बसा नशिबाला दोष देत.

इथपर्यंत १/४८ सरळ सरळ पुढे आहे. पण रंगाला आलं की पारडं फिरतं.

तुमच्याकडे एअरब्रश नसेल आणि नुसत्या ब्रशने रंगवणार असाल तर ७२ बरं. छोट्या पंखावर दोन पातळ हात मारले की ब्रशच्या रेघा दिसत नाहीत, ४८ वर मात्र त्याहून मोठ्या सपाट पृष्ठभागावर एक कडा वाळते तोवर दुसरी सुरू करावी लागते आणि पट्टे राहतात. त्यात तुम्ही म्हणालात की मला चंदेरी मिग हवंय, साठच्या दशकातलं, तर ब्रश विसराच. नॅचरल मेटल फिनिश खाली बोटाचा ठसा जरी असला तरी वर येतो, त्याला घासलेला गुळगुळीत प्रायमर, बहुतेकदा चकचकीत काळा बेस आणि मग एअरब्रशने मेटॅलिक, असा सगळा जामानिमा लागतो. पहिल्या मॉडेलला नका नादी लागू. १९७१ च्या सुमारास आपल्या मिग-२१ एफएल या प्रकारावर हिरवे-तपकिरी पट्टे चढवले होते, ते करा, कॅमोफ्लाज बऱ्याच गोष्टी पोटात घालतं. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर गेलेली २८ स्क्वाड्रनची मिग एफएलच होती, ५७ मिमी रॉकेटचे पॉड लावलेली, तसं बनवलं तर शेल्फवर काहीतरी गोष्ट पण उभी राहते.

पण इथेच एक खड्डा आहे, स्केलपेक्षा मोठा. डब्यावर नुसतं मिग-२१ बघून उचलू नका. एअरफोर्सने एफएल म्हणजे टाइप ७७, एम म्हणजे टाइप ९६ आणि बिस म्हणजे टाइप ७५ अशी वेगवेगळी वापरली आणि ही तिन्ही आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये बनली. पाठीचा कणा प्रत्येकाचा वेगळा, एफएलचा बारीक आणि बिसचा जाडजूड. एफएलला आत गन नव्हती, गरज पडली की पोटाखाली जीपी-९ चा गन पॉड लटकवायचे, एमला आणि बिसला आत बसवलेली आहे. तेव्हा एमएफ किंवा बिसच्या डब्यातल्या मॉडेलवर भारतीय डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं-अक्षरं) लावून १९७१ चं ढाका करायला गेलात तर ओझरचा एखादा रिटायर्ड काका पाहुणा म्हणून आला की पहिल्या मिनिटात पकडेल. सोपं हवं असेल तर झ्वेझ्दाचं १/७२ बिस बघा, भाग कमी, एडुआर्डएवढा किस काढलेला नाही, भाच्याला शेवटी मी तेच सुचवलं कारण त्याच्याकडे एअरब्रश नाही आणि धीरही नाही.

डिकलचं थोडक्यात. स्टेन्सिल, म्हणजे विमानभर लिहिलेल्या बारीक बारीक सूचना, दोन्ही स्केलमध्ये ढीगभर. ४८ मध्ये निदान दिसतात तरी, ७२ मध्ये मी निम्मे सोडून देतो. कोमट पाणी, सेटिंग सोल्यूशन (डिकल पृष्ठभागावर नीट बसवणारं द्रावण), आणि खाली ग्लॉस कोट पाहिजेच नाहीतर डिकलखाली हवा अडकून चंदेरी दिसते. आणि हो, लॅकरचा क्लियर कोट जुलै-ऑगस्टमध्ये मारू नका, दमट हवेत पांढुरका होतो. मुंबई-कोकणवाल्यांनी तर दसऱ्यापर्यंत थांबावं, तोवर कॉकपिट आणि चाकं उरकून घ्या.

जागेचा विचार मात्र आत्ताच करा. एक मिग दोन्ही स्केलमध्ये मावतं, पण हा नाद एकावर थांबत नाही, पुढच्या वर्षी तुम्हाला सुखोई-३० लागणार, आणि ते १/४८ मध्ये जवळपास ४६ सेंमी लांब आणि ३१ सेंमी रुंद होतं, म्हणजे टीव्हीखालचा एक कप्पा गेला आणि घरात चर्चा सुरू. ७२ मध्ये तेच ३० बाय २०. सगळी एअरफोर्स एका कपाटात मांडायचं स्वप्न असेल तर ७२ ला पर्याय नाही, कारण स्केल मिसळलं की शेजारी शेजारी ठेवल्यावर फार विचित्र दिसतं. खर्चही तसाच, ४८ चं किट महाग ते महाग, वर रंग जास्त लागतो.

माझं मत विचाराल तर: एअरब्रश आहे किंवा घ्यायचाच आहे, एकच मिग करायचं आणि नीट करायचं, चाळिशी लागलीय, तर १/४८ डोळे झाकून. ब्रशवाले, कपाट भरायचं असलेले, आणि पंधरा दिवसात संपवून फोटो टाकायचा असलेले यांनी १/७२, पण साधं किट.

दोन्हीत कॅनॉपी सुपरग्लूने चिकटवू नका, वाफेने आतून धुरकट होते. माझी एक अख्खी गेली, तीन संध्याकाळी घालवून रंगवलेल्या कॉकपिटवर बाथरूमच्या खिडकीसारखी काच. साधा पांढरा फेव्हिकॉल लावायचा, वाळल्यावर पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या कापडाने पुसता येतो. आणि ती नाकापुढची पिटोची काठी अगदी शेवटी लावा. प्लास्टिकची असेल तर शर्टाची बाही लागून मोडणार म्हणजे मोडणारच, माझी दोनदा मोडली. तिसऱ्यांदा मी इन्सुलिनची सुई टोक घासून बोथट करून बसवली, ७२ ला ती बरोब्बर जाडीची निघाली. ४८ ला जरा जाड सुई बघावी लागेल, किंवा तयार धातूची मिळते ती घ्या.