ट्रम्पेटसाठी क्लार्क आणि आर्बन – बरेच महिने वापरल्यावर काय वाटलं

आधीच सांगतो, मी काही ऑर्केस्ट्रातला वादक नाही. वेंगुर्ल्याकडच्या लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेटवाला, तुळशीची लग्नं लागली की आमचा सीझन सुरू तो थेट मे संपेपर्यंत. मास्तरांनी सगळं कानावर शिकवलं आणि 'जोरात वाजव' एवढीच काय ती पद्धत, त्यामुळे वरात मांडवापर्यंत पोचते तोवर ओठ बधिर आणि वरचे सूर गायब, हे आमच्यात सगळ्यांचंच दुखणं.

गेल्या पावसाळ्यात कामं नव्हती तेव्हा आर्बनची मेथड आणि हर्बर्ट क्लार्कची टेक्निकल स्टडीज अशी दोन जुनी पुस्तकं धरली. कॉपीराइट कधीच संपलाय, नेटवर फुकट मिळतात, कुडाळला प्रिंट मारून स्पायरल करून घेतलं.

आर्बन म्हणजे पॅरिसचा, पुस्तक १८६४ चं, लिहिलंय कॉर्नेटसाठी (ट्रम्पेटचाच आखूड भाऊ) पण बोटं तीच म्हणून ट्रम्पेटवाले सर्रास वापरतात. जाडजूड आहे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाजवायचं तर कामधंदा सोडावा लागेल. मला त्यातलं खरं उपयोगी पडलं ते टंगिंग, म्हणजे जिभेने सूर तोडून वाजवणं. डबल टंगिंगला तू-कू, ट्रिपलला तू-तू-कू, तबल्याचे बोल म्हणतात तसं आधी नुसतं तोंडाने म्हणायचं मग फुंकायचं. गोची 'कू'ची आहे, तो कायम मागे पडतो आणि मऊ येतो. मी नुसतं कू-कू-कू मेट्रोनोमच्या (ताल देणाऱ्या यंत्राच्या) टिकटिकीवर हळू वाजवत बसलो, कंटाळवाणं आहे पण फास्ट गाण्यात आता जीभ अडखळत नाही.

पण खरी कमाल क्लार्कची. हा अमेरिकेतल्या सूझाच्या नामांकित बँडमधला कॉर्नेट सोलोइस्ट, पुस्तक १९१२ चं, आणि म्हणणं काय तर एकदम हळू आवाजात वाजवा, एकाच दमात तोच तुकडा आठ ते सोळा वेळा. पहिला तुकडा खालच्या एफ शार्पपासून सी पर्यंत एकेक अर्धा स्वर वर आणि परत खाली, बस. दिसायला काहीच नाही, पण बोटं बघा (पिस्टन म्हणजे बोटाने दाबायच्या तीन कळा): तिन्ही पिस्टन, मग एक-तीन, दोन-तीन, एक-दोन, एक, दोन, मोकळं. म्हणजे सगळी बोटं एवढ्याशा तुकड्यात येऊन जातात. एक-तीनवरून दोन-तीनवर जाताना पहिलं बोट जरा आधी उठलं की मध्येच भलत्या सुराचा ठिपका येतो, जोरात वाजवताना तो कळतच नाही, हळू वाजवलं की लगेच कानाला टोचतो. पुढे धड्याचा नंबर वाढतो तसं अर्धा अर्धा स्वर वर सरकत जायचं, आवाज मात्र वाढवायचा नाही, आणि तिथे कळतं की आपण वरचे सूर इतकी वर्षं नुसता माउथपीस ओठावर दाबून काढत होतो.

मांगरात (शेतघरात) बसून वाजवायचो तर शेजारचे आबा दारात येऊन, "एकच काय घोळवतंस मेल्या, गाणा वाजव मरे!" त्यांचं चुकलं नाही, ऐकणाऱ्याला छळच आहे हा.

आता नावडलेलं. दोन्हीला नोटेशन वाचता यायला हवं, कानावर शिकलेल्याची पहिले काही आठवडे फे फे उडते. आणि ओठांना विश्रांती किती द्यायची ते स्वतःच ठरवावं लागतं, मी जितका वेळ वाजवलं तितकाच वेळ थांबतो, पावसात घाई कसली. पुस्तकाचा संबंध नाही पण लिहून ठेवतो, एक-तीन आणि तिन्ही पिस्टनवरचे खालचे सूर मुळातच चढे लागतात, तिसरी स्लाइड (तिसऱ्या पिस्टनची सरकती नळी) बाहेर ओढल्याशिवाय जमत नाही, आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ती हमखास जाम झालेली असते. ग्रीस लावा आधी.

सीझनमध्ये रोजचा पूर्ण रियाज जमला नाही, जमणारही नाही. पण वरात संपल्यावर क्लार्कचे खालचे तीनचार नंबर अगदी बारीक आवाजात वाजवले की सुजलेले ओठ सकाळी बरे असतात, त्यासाठी तरी मी हे सोडणार नाही. रेंज फार वाढली म्हणणार नाही, जी होती ती शेवटच्या गाण्यापर्यंत टिकते एवढं नक्की.

एकच घ्यायचं तर क्लार्क. आर्बनचा टंगिंगचा भाग तेवढा प्रिंट करा, बाकीचा कागद आमच्यासारख्याला फुकट.