केळी खाली बघत होती

आमच्या चर्चमधल्या खिडकीची गोष्ट अख्ख्या धर्मग्रामाला माहीत आहे, आणि निम्म्या लोकांनी ती मला माझ्याच तोंडावर सांगूनही झाली आहे. तरी लिहितोय. गेल्या महिन्यात पलीकडच्या गावातल्या एका घरातून फोन आला की तुमची खिडकी कोणी केली, आम्हालाही आजीच्या नावानं करायची आहे. त्यांनी ती कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत पाहिली होती. फोटोत ती खरंच छान दिसते.

पप्पा नोव्हेंबर 2022 मध्ये गेले. वसईच्या पश्चिम पट्ट्यात आमची वाडी. आयुष्यभर केळी आणि पानवेल, पावसाळा सरला की राजेळी केळ्यांची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. त्यांच्या नावानं चर्चला काहीतरी द्यायचं हे आम्हा भावंडांचं पहिल्याच महिन्यात ठरलं. बहुतेक जण पंखे देतात, पात्यावर नाव घालून. पप्पांचं नाव गरगरताना बघायची माझी तयारी नव्हती. फादर म्हणाले, पश्चिमेच्या भिंतीतली एक खिडकी कुजली आहे, तीन फूट रुंद, सात फूट उंच, तिथे रंगीत काचेचं काहीतरी करा. आई म्हणाली, करायचंच तर संत गोन्सालो गार्सिया करा. वसईत जन्मलेला आपला माणूस, 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर मारला गेला, 1862 मध्ये संत झाला. पप्पा दर सणाला त्याच्या नावानं मेणबत्ती लावायचे. खाली एका कोपऱ्यात आमचं बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, आणि काठावर लोंगर (केळ्यांचा घड) आलेली एक केळ, एवढी माझी भर.

माणूस मिळाला तो एका साखरपुड्याच्या जेवणात, ओळखीच्यांच्या ओळखीतून. मुंबईत चर्चची कामं करतो म्हणाला. चार दिवसांनी घरी आला तो कापडात गुंडाळलेला एक नमुना घेऊन. तळहाताएवढा, निळ्या आणि पिवळ्या काचेचा, तुकडे शिसं धातूच्या पट्ट्यांत बसवलेले. हातात घेतल्यावर जड लागला. आईनं तो खिडकीशी धरला आणि तिच्या पांढऱ्या साडीवर निळा डाग पडला. तो तुकडा शंभर टक्के खरा होता.

त्यानं जे सांगितलं तेही खरं होतं. निळा रंग कोबाल्टनं येतो, गुलाबी लाल सोन्यानं. चांदीचं संयुग काचेच्या पाठीवर लावून भट्टीत भाजलं की पिवळा चढतो. चेहरा, बोटं, कपड्याच्या चुण्या हे काचेवर खास रंगानं रेखाटून सहाशे अंशांच्या वर भाजायचं, म्हणजे रंग काचेत वितळून बसतो आणि शंभर वर्षं हलत नाही. मी नंतर चार ठिकाणी विचारून खात्री केली, यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. फक्त यातलं काहीही तो करणार नव्हता.

एकवीस चौरस फूट, फुटाला दहा हजार, एकूण 2,10,000 रुपये. काच जर्मनीहून येणार, म्हणून निम्मे आगाऊ. मार्च 2023 मध्ये मी 1,05,000 भरले, आणि तेही दोन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत, कारण त्याच्या खात्याची ‘लिमिट संपली’ होती. पावतीवर त्यानं लिहिलं ‘डेकोरेटिव्ह ग्लास वर्क’. स्टेन्ड ग्लास नाही, शिसं नाही, भट्टी नाही. मी वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं. ज्याच्या बापाला जाऊन चार महिने झालेत तो पावतीतले शब्द तपासत बसत नाही, आणि हे त्या माणसाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. यायचा तेव्हा आधी पप्पांच्या फोटोपुढे उभा राहायचा. आईला ‘आई’ म्हणायचा. पप्पांचा चेहरा संताच्या मागे गर्दीत घालू का, असंही त्यानं सुचवलं. फादरांनी ते तिथल्या तिथे उडवून लावलं, नाहीतर आम्ही विरघळलोच होतो.

मग चित्र आलं, कॉम्प्युटरवर केलेलं, रंगीत छापून. आईनं चष्मा लावला, संताला नमस्कार केला, आणि बोट खालच्या कोपऱ्यावर ठेवलं. “अरे, ही केळी खाली का बघतायत?”

केळीच्या झाडावर लोंगर कसा असतो ते वाडीतल्या पोरालाही माहीत असतं. दांडा खाली वळलेला, टोकाला केळफूल, आणि फण्यांमधली केळी मात्र टोकं वर करून असतात. चित्रातली केळी दुकानात हुकाला टांगलेल्या फणीसारखी खाली लोंबत होती. “हो हो, करतो दुरुस्त,” म्हणून तो कागद घेऊन गेला. आठवड्यानं परत आला, केळी तशीच. पुन्हा नेला. तिसऱ्यांदा त्यानं केळीचा रंग थोडा हिरवट करून आणला. शेवटी मीच म्हटलं, जाऊ दे आई.

तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच यायला हवं होतं, की ज्याला चित्र काढता येतं तो खिशातली पेन्सिल काढून तिथेच चार रेघा मारतो. दोन मिनिटांचं काम होतं. त्याला ते जमत नव्हतं, कारण ते चित्र त्याचं नव्हतंच. कुठूनतरी उचललेले तुकडे जोडले होते आणि केळीचा दुसरा तुकडा त्याला सापडला नव्हता. आम्ही तीन वेळा चित्र तपासलं, काच एकदाही बघायला मागितली नाही.

ऑगस्टमध्ये भट्टीचे फोटो आले. लाल तापलेली भट्टी, हातमोजे घातलेला माणूस, चेहरा दिसत नाही. “संत भाजला जातोय,” असा मेसेज. 73,500 गेले. उरलेले 31,500 बसवल्यावर.

वर्षश्राद्धाच्या मिस्साच्या दोन दिवस आधी टेम्पोतून खिडकी आली. सात फुटांची, अखंड, एकाच चौकटीत. दोन पोरांनी अलगद उचलली. पडदा लावून ठेवली, रविवारी फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, आई रडली, बहिणी रडल्या, मीही. आज ते आठवलं की माझे कान गरम होतात. पवित्र पाणी शिंपडलं ते प्लास्टिकवर.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मे महिन्यात बहीण म्हणाली, संताचा झगा हिरवट दिसतोय का रे? मला वाटलं, शेवाळ धरलं असेल, पश्चिमेची भिंत, खारा वारा. मग पाऊस लागला. जुलैमध्ये प्रार्थना चालू असताना भाचीनं खिडकीच्या काठाशी नखानं खेळायला सुरुवात केली आणि शिशाची एक रेघ तिच्या बोटाला चिकटून वितभर बाहेर आली. चिकटपट्टीसारखी. तिच्याखाली काचेला जोड नव्हताच. वरच्या कमानीत पाण्याचा फोड आला होता, आणि त्या फोडात संताचं डोकं काचेपासून सुटून लोंबत होतं.

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या खिडक्या दुरुस्त करणारे एक कारागीर आहेत, फादरांनी त्यांना बोलावलं. त्यांनी आत पाऊलही न टाकता आधी बाहेरून चक्कर मारली, आणि मला हाक मारून विचारलं, “काचेत काय दिसतंय?” काचेत समोरची नारळाची झाडं दिसत होती. “सरळ दिसतायत ना? एक झाड म्हणजे एक झाड?” हो, अगदी आरशासारखी. “मग संपलं. शिशात बसवलेल्या खिडकीत प्रत्येक तुकडा बसतो तो किंचित वेगळ्या कोनात. बाहेरून बघितलं की आभाळ तुटक दिसतं, झाडाचे पन्नास तुकडे होतात. ही एकच काच आहे.”

हे मी कधीच विसरणार नाही. आठ महिने मी रोज त्या झाडांखालून स्कूटर नेत होतो.

मग आत आले. भिंगातून झग्याकडे बघायला लावलं. रंगाचे बारीक ठिपके, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. म्हणजे छापील फिल्म. काचेतला खरा रंग उन्हानं असा विटत नाही, छपाईतला विटतो. तपकिरीतला लालसरपणा उडाला आणि संत हिरवा पडला. दोन्ही बाजूंनी शिशाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. “मेहनत केलीय,” कारागीर म्हणाले, आणि मला त्या परिस्थितीतही हसू आलं.

सात फुटांची खिडकी एका तुकड्यात आली होती हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. शिसं मऊ. एवढ्या उंचीची खिडकी स्वतःच्याच वजनानं फुगते, वाकते. म्हणून ती दोन-तीन भागांत करतात, एकावर एक बसवतात, मागे आडवे गज घालतात आणि तांब्याच्या तारांनी शिशाला गजाशी बांधतात. आपल्या किनाऱ्यावर ते गजही साध्या लोखंडाचे नकोत. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि भोवतालचा दगड फोडतं. काच आणि शिशाच्या फटीत जवसाच्या तेलाचं लुकण भरलेलं असतं, सांधे झाळलेले असतात. सांध्यावरून बोट फिरवलं तर झाळीचा उंचवटा हाताला लागतो. आमच्या खिडकीत पट्टीवर पट्टी, वर काळा रंग.

त्यानंतर मी मुद्दाम कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जाऊन आलो. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांचं स्मारक म्हणून बांधलेलं, 1858 चं. आत जाण्याआधी बाहेर उभा राहून काचेतलं आभाळ बघितलं. तुटक होतं.

त्या माणसाला फोन केला तेव्हा पहिल्यांदा उचलला. “दादा, समुद्राची हवा आहे, मेंटेनन्स लागतो.” दुसऱ्यांदा मुलगा आजारी होता. तिसऱ्यांदा नंबर अस्तित्वात नव्हता. दिलेल्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं. दुकानदार म्हणाला, तुम्ही या वर्षातले तिसरे.

पोलीस ठाण्यात साहेबांनी पावती दोनदा वाचली. “डेकोरेटिव्ह ग्लास वर्क लिहिलंय. काच आहे ना? डेकोरेटिव्ह आहे ना? हा दिवाणी मामला झाला.” लेखी अर्ज घेतला, शिक्का दिला. ओळखीच्या एका वकीलबाईंनी रस्ता दाखवला तो जिल्हा ग्राहक आयोगाचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील नसला तरी चालतं, पण वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार गेली पाहिजे. लोक इथेच चुकतात. ‘करेल दुरुस्त, करेल दुरुस्त’ म्हणत दीड वर्ष काढतात. मी जानेवारी 2025 मध्ये दाखल केली. पैसे दोन परक्या नावांवर गेले होते ती मूर्खपणाची गोष्ट इथे उपयोगी पडली, कारण खातेदार तरी खरे आहेत.

गेल्या महिन्यात फोन केलेल्या त्या घराला मी जे सांगितलं ते असं. नमुना बघून भुलू नका, नमुना कोणीही विकत आणतो. कागदावर लिहून घ्या: काच रंगीतच असेल, वरून फिल्म चिकटवलेली नसेल, चेहरे भट्टीत भाजलेले असतील, शिसं असेल, किती भाग, गज कशाचे. लिहायला कुरकुरला तर चहा पाजून वाटेला लावा. खिडकीच्या मापाचं पूर्ण आकाराचं रेखाटन जमिनीवर अंथरून बघा. त्यावर प्रत्येक काचेचा आकार आणि नंबर असतो, कारण कारागीर त्याच्यावरूनच काच कापतो. आमच्याकडे ए फोर कागदावर छापलेलं चित्र होतं, बस. दुसरा हप्ता फोटो बघून देऊ नका, गाडीत बसा आणि कारखान्यात जा, अर्धवट शिशात बसवलेला संत डोळ्यांनी बघा. आणि त्याला तुमच्यासमोर काहीतरी बदलायला सांगा. काहीही. हाताची बोटं, केळी.

त्या ताई म्हणाल्या, एवढं विचारलं तर त्यांना वाईट नाही का वाटणार? मी म्हटलं, आमच्या कारागिरांना मी हे सगळं विचारलं होतं. ते खूश होऊन दोन तास बोलत बसले, चहा गार झाला.

आता त्या चौकटीत साधी पांढरी काच आहे. नवी खिडकी करायची की नाही यावर घरात अजून एकमत नाही. भाऊ म्हणतो, पंखा दिला असता तर वारा तरी आला असता. सोलून काढलेली फिल्म पुरावा म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे उभी केली आहे. परवा बाहेर काढली तर संताचा चेहरा जवळजवळ गेला होता, केळी मात्र शाबूत, खाली बघत.

पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे. आई म्हणते, त्या दिवशी मलाही ने. बाकी तुम्ही बोला, केळीचं मी सांगते.